त्रिपक्षी
(त. सेरुप्पडै, लॅ. कोल्डेनिया प्रोकम्बेन्स, कुल-बोरॅजिनेसी). तळ्यांच्या सुकलेल्या पात्रांत, भातखाचरांत व काळ्या जमिनीत उगवणारी ही वर्षायू (एक वर्ष जगणारी) रानटी ओषधी आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत आढळते. फांद्या जमिनीलगत चोहीकडे पसरतात. पाने लहान, केसाळ, सुरकुतलेली व तळाशी तिरपी. फुले बारीक, पांढरट व चतुर्भागी असतात. या कुलात पंचभागी फुलांचा प्रघात असल्याने ही खूण विशेष उपयोगी पडते. पानांचा लेप सुजेवर लावतात.

एवढ्या क्षुद्र तणाच्या शास्त्रीय नावात न्यूयॉर्कचा एक नायब गव्हर्नर दडलेला आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य पॉल हेर्मान यांनी १६७० नंतरच्या दशकात श्रीलंकेत जमविलेला वनस्पतिसंग्रह पुढे कार्ल लिनीअस यांच्या हाती आला आणि त्यावरून त्यांनी *फ्लोरा झेलॅनिका* (१७४७) हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील या वनस्पतीच्या प्रजातीस त्यांनी कॅडवॉलडर कोल्डन (१६८८–१७७६) यांचे नाव दिले. कोल्डन यांनी आपल्या जमीनदारीतील वनस्पतींची वर्णने त्यांना धाडली होती. त्या ऋणाची फेड सिंहली वनस्पतीने झाली. न्यूयॉर्कच्या परिसरात मात्र ती उगवत नाही. स्वदेशी कोल्डन यांच्या वाट्याला निराळाच सन्मान आला : मुद्रांक अधिनियमाविरुद्ध खवळलेल्या जमावाने १७६५ मध्ये त्यांची प्रतिमा व घोडागाडी जाळली.

त्यांची कन्या जेन (१७२४–६६) वस्तुतः अधिक कसलेली निरीक्षक. तिने तीनशेहून अधिक वनस्पतींची वर्णने लिहिली. एका वनस्पतीस तिचे नाव द्यावे, असे जॉन एलिस यांनी १७५८ मध्ये लिनीअस यांना सुचविले. ते मानले गेले नाही. तिचे हस्तलिखित आणि हेर्मान यांचा संग्रह हे दोन्ही आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत.

कालांतराने अमेरिकेच्या शुष्क प्रदेशांतील अनेक जाती कोल्डेनिया प्रजातीत घालण्यात आल्या, तेव्हा ते नाव काहीसे स्वगृही परतल्यासारखे झाले. परंतु १९७६ मध्ये आल्फ्रेड रिचर्ड्‌सन यांनी त्या टिक्विलिया या प्रजातीत वेगळ्या काढल्या. कोल्डेनियात आता त्रिपक्षी ही एकच जाती मानतात. काही शास्त्रज्ञ २०१६ पासून तिच्यासाठी कोल्डेनिएसी हे स्वतंत्र कुलही मानतात.