पानफुटीची रात्रपाळी

तर झालं असं, की गेल्या रविवारी पौडला मामाकडे गेलो होतो. (हिंजवडीत राबणाऱ्या आम्हा लोकांच्या लक्षातही नसतं, पण आयटी पार्क आणि पौड दोन्ही मुळशी तालुक्यातच!) मामाच्या अंगणात पानफुटी नुसती माजली आहे. लहानपणी तिचं पान वहीत ठेवायचं आणि कडेच्या खाचांतून पिल्लं फुटली का ते रोज उघडून बघायचं, हा आमचा उद्योग. मामाचा उद्योग वेगळा. मुतखडा झाल्यापासून तो रोज सकाळी उपाशीपोटी दोन पानं चावून खातो.

"डॉक्टरांना विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं? ऋषीमुनींच्या काळापासूनचं औषध आहे. फक्त सकाळीच खायचं. तेव्हा छान आंबट लागतं. दुपारी सपक, संध्याकाळी कडसर."

घरी येऊन शोधाशोध केली आणि चक्रावलो. मामाचं एक वाक्य चूक निघालं आणि दुसरं चक्क इतिहासात नोंदलेलं!

आधी चूक. पानफुटी मूळची मादागास्करची. लामार्कने १७८६ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. कलकत्त्याच्या कंपनी बागेतून रॉक्सबर्गने पाठवलेली रोपं लंडनला पोचली आणि १८०५ मध्ये सॅलिसबरीने तिला 'ब्रायोफायलम' नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फुटणारं पान, म्हणजे आपली पानफुटीच की! 'पाषाणभेद' हे नाव मात्र जुन्या ग्रंथांत आहे. पण त्या नावाखाली प्रांतोप्रांती वेगवेगळी झाडं दाखवतात, पानफुटी त्यांतलीच एक. म्हणजे नाव ऋषीमुनींचं, झाड परदेशचं.

आता बरोबर. बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. बंगळूरची लालबागही काही काळ त्याच्याकडे होती. या गृहस्थाने पानफुटीची पानं दिवसभर चावून पाहिली. सकाळी चुक्याच्या भाजीसारखी आंबट, दुपारपर्यंत बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. हे त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. दोनशे वर्षांपूर्वी बंगळूरकडे हाइन आणि आज पौडात मामा. निरीक्षण तेच, उपकरण तेच, जीभ!

याचा उलगडा व्हायला पुढे सव्वाशेच्या वर वर्षं गेली. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. पण त्याच वेळी पाणीही उडून जातं. पानफुटी हुशार. ती छिद्रं रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारं बंद करून त्याच साठ्यातून उन्हात साखर बनवते. म्हणून सकाळी पान आंबट आणि ऊन चढेल तसं आम्ल संपत जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा रात्री गोळा करायचा, प्रोसेसिंग दिवसा. या पद्धतीला 'कॅम' म्हणतात आणि त्यातला 'क्रॅसुलेशियन' शब्द पानफुटीच्या कुळावरून आला आहे. बारावीला मी हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. हाइनचं नाव कुणी सांगितलं नाही.

कुंडीतल्या पानफुटीला फारसं पाणी लागत नाही, तेही यामुळेच. निचरा होणारी माती, सकाळचं ऊन आणि माती पूर्ण सुकली की पाणी. रोज पाणी घालाल तर मुळं कुजून मरेल. पान मातीवर नुसतं टेकवून ठेवा, बाकीचं ती बघून घेते.

असो. मामाची काळजी उरलीच. या जातकुळीतल्या झाडांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात ही झाडं खाऊन गुरं दगावली आहेत. दोन पानांनी माणसाला काही होईलच असं नाही. पण मामाला हृदयाची गोळी चालू आहे आणि 'जुनं आहे म्हणजे निर्धोक' हा त्याचा सगळा भरवसा. तो भरवसाच इतिहासाने काढून घेतला.

काल फोन करून सगळं सांगितलं. हाइनची गोष्ट ऐकून स्वारी एकदम खूश. "म्हणजे मी शास्त्रज्ञच की रे!"

"हो. पण हाइनने चव बघितली होती, रोजचा खुराक नव्हता केला."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "बरं, तपासणीला जाईन तेव्हा एक पान घेऊनच जातो. डॉक्टरांनाच दाखवू."

माझ्या गॅलरीतल्या पानाला आज दोन पिल्लं फुटली आहेत. :)