ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य
मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधोमध पसरलेले खाडीक्षेत्र. उत्तरेला ही खाडी एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली आहे, तर दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये खाडीचा सुमारे 17 चौ. किमी. भाग अभयारण्य म्हणून घोषित केला. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. काठावर तिवरांची दाट वने आहेत.

येथील मुख्य पाहुणा छोटा रोहित (फ्लेमिंगो). हिवाळ्यात हे पक्षी मुख्यतः गुजरातकडून हजारोंच्या थव्यांनी येतात व पावसाळ्यापूर्वी परततात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चरतात. जिभेने पाणी आत-बाहेर ढकलले जाते आणि चोचीच्या कडांवरील बारीक चाळणीत शेवाळ अडकते. पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. पाणटिवळे, तुतवार, कुरव हेही हिवाळी पाहुणे.

भरतीला पक्षी नवी मुंबईतील पाणथळींवर विसावतात. या जागा बहुतांशी अभयारण्याबाहेर असल्याने त्यांवरील भराव हा सांडपाण्याइतकाच गंभीर धोका आहे.