चांदीचे नाणे : चलन आणि संचय

बंदा रुपया दगडावर वाजवून घेणाऱ्या पिढीच्या गोष्टी आपल्या घराघरांतून अजून सांगितल्या जातात. त्या रुपयाचे वजन एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० साली ती निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. अमेरिकेतही १९६५ च्या कायद्याने लहान नाण्यांतली चांदी गेली. चलनातून हद्दपार झालेली ही धातू पुढे पुन्हा नाण्याच्याच रूपाने का अवतरली, याचा विचार आज आपण करू.

प्रथम एक जुनी हकीकत. पहिल्या महायुद्धात नोटांऐवजी रोख रुपये मागणाऱ्यांची हिंदुस्थानात रीघ लागली आणि सरकारची चांदी संपत आली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने सुमारे २७ कोटी डॉलर-नाणी वितळविली. त्यांतील बहुतेक चांदी इकडे आली व तिचे रुपये पडले. डॉलर गेला, रुपया आला. चांदी तीच राहिली. नाण्याचे मोल राजमुद्रेत की धातूत, हा वाद या एका घटनेत सामावलेला आहे.

आता अमेरिकेच्या ‘सिल्व्हर ईगल’ नाण्याकडे वळू. युद्धसज्जतेसाठी राखलेल्या सरकारी साठ्यात तेथे सुमारे १४ कोटी औंस चांदी पडून होती. १९८१ साली ती लिलावाने विकण्यास प्रारंभ झाला. भाव उतरणीला लागलेलेच होते. त्यात सरकारच विक्रेता बनलेले पाहून आयडाहो राज्यातील खाणवाल्यांचे धाबे दणाणले. भाव पडला की खाण बंद, आणि खाण बंद की मजुराची चूल बंद. त्या राज्याचे सेनेटर जेम्स मॅक्लुअर यांनी तोड सुचविली ती अशी : चांदी एकदम बाजारात ओतू नका, तिची नाणी पाडून ती हजारो हातांत थोडथोडी जाऊ द्या. अखेर जुलै १९८५ मध्ये कायदा झाला आणि २४ नोव्हेंबर १९८६ रोजी नाणे विक्रीस आले. मेक्सिकोचे ‘लिबर्ताद’ १९८२ सालीच निघाले होते. कॅनडाचे चांदीचे ‘मेपल लीफ’ १९८८ साली आले.

या नाण्यात एक औंस, म्हणजे पावणेतीन तोळ्यांना थोडी कमी, चांदी असते. त्यावर किंमत कोरली आहे एक डॉलर; पण एका डॉलरला ते कोणी देणार नाही! दर्शनी बाजूस १९१६ च्या अर्ध्या डॉलरवरील वाइनमनकृत चालती स्वातंत्र्यदेवता आहे. सरकारी साठा संपत आला तेव्हा, २००२ साली, बाजारातून चांदी घेण्याची मुभा देणारा कायदा करावा लागला. साठा संपविण्यासाठी काढलेले नाणे साठ्याहून दीर्घायुषी ठरले.

याचे कारण संग्राहक. गुंतवणूकदार वजन पाहतो, संग्राहक साल पाहतो. १९९५ साली वेस्ट पॉइंट टांकसाळीने खास झिलईची ३०,१२५ नाणी पाडली. पण ती मिळत सोन्याच्या चार नाण्यांच्या संचाबरोबरच. चांदीचीच मालिका जमविणाऱ्या सामान्य माणसाची त्यामुळे पंचाईत झाली. आज तोच एक रिकामा खण भरण्यासाठी तो चांदीच्या भावाच्या कितीतरी पट रक्कम मोजतो. धातू तीच, वजन तेच. महाग झाली ती दुर्मिळता.

म्हणून आम्ही एवढेच सुचवू. नाणे हाती घेताना आपण तीन गोष्टी वेगवेगळ्या तोलाव्यात : त्यातील चांदी, त्यावरील मुद्रा आणि ते हवे असणारांची हौस. पहिलीचा भाव सराफ सांगेल, दुसरीचा अर्थ इतिहास सांगेल. तिसरीचा भाव मात्र दुसरा हौशी भेटेपर्यंतच खरा. आपल्या आजीने गाठोड्यात बांधलेला बंदा रुपया या तिन्ही तराजूंत बसतो. तो मोडण्यापूर्वी निदान त्यावरचे साल तरी वाचावे.