लाल वायर, काळी वायर



चोर दाराशी आला तर घरधन्याला कळायचं कसं, हा प्रश्न जुनाच. कुत्रा, गुरखा, दाराला आतून टेकवून ठेवलेला पितळी तांब्या... सगळे उपाय लोकांनी करून पाहिलेत. विजेवर चालणारा उपाय त्यामानाने अलीकडचा, आणि गंमत म्हणजे तो सुचला एका धर्मोपदेशकाला. बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावच्या ऑगस्टस रसेल पोप या गृहस्थांनी १८५३ साली त्याचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. दार किंवा खिडकी उघडली की दोन पत्रे एकमेकांना टेकायचे, सर्किट पुरं व्हायचं, बॅटरीतून प्रवाह वाहायचा आणि विद्युतचुंबक घंटेवर हातोडी मारायचा. १८५७ मध्ये एडविन होम्स या व्यापाऱ्याने पोपकडून हक्क विकत घेतले आणि पुढे त्यावर भलामोठा धंदा उभारला. १८७७ साली बोस्टनमध्ये टेलिफोनचे सुरुवातीचे प्रयोग झाले ते याच होम्सच्या अलार्मच्या तारांवरून!

पण पोपच्या रचनेत एक गोम होती. तार कापली की घंटा मुकी. म्हणून नंतर उलटा विचार झाला: प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि तो थांबला की बोंब मारायची. आजचे पॅनेल याच तत्त्वावर चालतात. शिवाय तारेच्या शेवटी, म्हणजे दारापाशी, एक छोटासा रेझिस्टर लावतात. तार कापली तर प्रवाह शून्य, कुणी तारा एकमेकींना जोडल्या तर प्रवाह जास्त. दोन्हीकडून चोर पकडला जातो. मात्र हा रेझिस्टर दारापाशीच हवा. कंटाळा करून तो पॅनेलच्या डब्यातच बसवला, तर मधल्या तारा कुणी शॉर्ट केल्याचं पॅनेलला कळतच नाही. दिवा हिरवा, मालक निवांत, आणि दार सताड उघडं.

हे सगळं पुस्तकातून नव्हे, खामगावात कळलं. खामगाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं घाटाखालचं बाजाराचं गाव. एकेकाळी कापसासाठी प्रसिद्ध. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. आता गावाचं नाव आहे ते चांदीसाठी. आणि चांदी आली की अलार्म आलाच.

माझ्या मामांचं तिथे चांदीचं छोटंसं दुकान आहे. त्यांनी नवा अलार्म बसवून घेतला आणि पहिल्याच दिवशी त्यातून धूर निघाला. झालं असं, की बॅटरी शटरच्या खाली ठेवायची होती आणि तिच्या वायरी तिथवर पुरेनात. वायरमन पोरगा. त्याने जवळ उरलेली वायर जोडून त्या लांबवल्या. उरलेली वायर लाल होती, म्हणून दोन्ही लालच. प्लसचं मायनस झालं. फ्यूज उडाला (त्याने त्याचं काम चोख केलं होतं!), पण पोराला वाटलं फ्यूजच खराब आहे, म्हणून त्याने त्या जागी तांब्याची तार अडकवली. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे किरकोळ वाटते, पण शॉर्ट झाली की पन्नास-शंभर अँपिअर सहज ओकते. बोर्डावरचा तांब्याचा पट्टा जळून कोळसा झाला.

मामांचा निकाल तयार होता. "त्या गाढवाला एक पैसा देणार नाही. बोर्डाचे पैसे त्याच्या मजुरीतून कापतो." पोरगा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. बोर्डाची किंमत म्हणजे त्याची आठवड्याभराची कमाई.

मी संगणक अभियंता. सोल्डरिंग शेवटचं केलं ते कॉलेजात. पण जवळच एक जुने टीव्ही दुरुस्तीवाले काका होते, त्यांच्याकडे बोर्ड नेला. त्यांनी आधी भिंगातून पाहिलं, मग नाकाजवळ नेऊन हुंगला. काजळी खरवडून थिनरने पुसली, कारण कोळशातूनही वीज वाहते. मग मीटर लावला. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एक डायोड उलटा जोडलेला असतो. बॅटरी सुलट असेल तर तो गप्प बसतो, उलटी लावली की सगळा प्रवाह स्वतःवर घेतो आणि फ्यूज उडवतो. तो बिचारा शॉर्ट होऊन मेला होता, पण मरता मरता त्याने मागच्या चिपा वाचवल्या होत्या. काकांनी तो बदलला, जळलेल्या पट्ट्याच्या जागी जाड वायर डाखली, नवा एक अँपिअरचा फ्यूज लावला. बॅटरी लगेच जोडली नाही. मध्ये मोटारसायकलचा बल्ब सिरीजमध्ये घातला. अजून शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि बोर्ड वाचेल. बल्ब मंद लुकलुकला. रेग्युलेटरच्या पायावर मीटरने पाच व्होल्ट दाखवले. बोर्ड जिवंत!

मी पोराचा प्रताप सांगितला तर काका म्हणाले, "पोट्ट्याचा काय कसूर भाऊ? दोनी वायरी लालच हायेत ना! अन् हे पाहा, बोर्डावरचे सगळे स्क्रू बी एकसारखेच."

हे वाक्य डोक्यात बसलं, कारण याच वाक्याचा एक इतिहास आहे.

१९४९ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटगाडीवर प्रयोग चालले होते, माणसाचं शरीर किती झटका सोसू शकतं ते पाहायला. कॅप्टन एडवर्ड मर्फी यांनी त्यासाठी सेन्सर आणले. प्रत्येक सेन्सर दोन प्रकारे जोडता येत होता आणि सगळेच्या सगळे चुकीच्या प्रकारे जोडले गेले. गाडी धावली, मोजमाप शून्य. मर्फीचा जगप्रसिद्ध नियम जन्मला तो या वायरिंगमधून. आपण तो नशिबाला शिव्या घालायला वापरतो, पण मुळात ती डिझाइनरला दिलेली ताकीद आहे: चुकीचा मार्ग उघडा ठेवलात, तर त्यावरून कुणीतरी जाणारच.

जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६१ साली हाच विचार कारखान्यात नेला. एका स्विचमध्ये दोन छोट्या स्प्रिंगा बसवायच्या होत्या आणि कामगार कधीकधी एक विसरत. शिंगोंचा उपाय: आधी दोन स्प्रिंगा बशीत काढून ठेवा, मग बसवा. बशीत उरली की चूक तिथेच दिसते. या पद्धतीला ते आधी 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. १९६३ मध्ये एका कारखान्यात हे नाव ऐकून एक कामगार बाई रडायलाच लागली, की मी काय मूर्ख आहे का? शिंगोंनी नाव बदललं. 'पोका-योके', म्हणजे चुकीपासून बचाव. एका अक्षराचा फरक, पण दोष माणसावरून उचलून चुकीवर गेला.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. २ जुलै २०१३ रोजी रशियाचं प्रोटॉन रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. त्याचे सहापैकी तीन सेन्सर उलटे बसवलेले होते. ते उलटे बसू नयेत अशी सोय होती, तरी चौकशीत ते जबरदस्तीने बसवल्याच्या खुणा सापडल्या. फ्यूजच्या जागी तांब्याची तार, तीच जात!

म्हणून दोष एकट्या डिझाइनरचाही नाही. पोरगा दोनदा चुकला. पहिली चूक त्याला करता आली, कारण बोर्डाने आणि वायरीने ती करू दिली. दुसरी त्याने केली, कारण फ्यूज काय सांगतोय ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. काकांनी ते दहा मिनिटांत शिकवलं. मामांनी मजुरी पुरी दिली (कुरकुरतच!), पण दारापाशी रेझिस्टर नीट लावून घेतल्यावर.

आमच्या धंद्यात 'युजर एरर' असा शेरा मारून तक्रार बंद करायची सोय आहे. प्रोग्राम बरोबर, वापरणारा गाढव! पण दोन बटणं एकसारखी, शेजारी शेजारी, आणि त्यातलं एक सगळा डेटा पुसणारं असेल, तर आपणही दोन्ही वायरी लालच दिलेल्या असतात. तो शेरा मारण्याआधी वायरीचा रंग बघावा, एवढंच.

असो. पुढच्या वीकांताला भेटूच.