हाली नोट आणि आजची पारख

हाली शिक्का हे नाव आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींनी घरी ऐकलेले असेल. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा येथे निजामाचे चलन चाले. इंग्रजी रुपयास लोक कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, असा हिशेब असे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ साली संस्थानाने कागदी नोटा काढल्या. रुपया वाजवून पारखणाऱ्यांना आता कागद पारखावा लागला.

या नोटा विलायतेत छापून येत. २० मे १९२२ रोजी ‘ईजिप्त’ ही आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यावर सोन्याचांदीबरोबर निजामाच्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोने वर काढले, त्या कामात नोटाही हाती आल्या. कागद अस्सल, छपाईही अस्सल. परंतु अधिकाऱ्याची सही झालेली नव्हती, म्हणून चलन या नात्याने त्यांची किंमत शून्य! नोट म्हणजे नुसता कागद नव्हे, सरकारचे वचन आहे, हे मला या हकिगतीवरून पटते. खोटी नोट म्हणजे कोणीच न दिलेले वचन.

आजची पाचशेची नोट घेताना ती उजेडासमोर धरावी. कोऱ्या जागी गांधीजींची छबी उमटते. नोट कलती केली की धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. एकाच खुणेवर निर्णय करू नये.

संशय आल्यास नोट घेऊच नये. हाती आलीच, तर ती बँकेत द्यावी. खोटी ठरल्यास बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते व पावती देते. पैसे मात्र मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर बँक महिनाअखेर पोलिसांना एकत्रित कळवते. पाच किंवा अधिक असल्यास तात्काळ गुन्हा नोंदविला जातो.

पाचशे रुपये बुडणे आपणांपैकी कितीकींना जड आहे, हे मी जाणते. म्हणूनच ती नोट पुढे खपविण्याचा मोह होतो. पण जाणूनबुजून खपविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा आजन्म कारावासापर्यंत. शिवाय अशी नोट संध्याकाळच्या गर्दीत, अंधुक उजेडात, बहुधा भाजीवालीच्याच पदरी पडते. तिचे नुकसान आपल्याहून मोठे. तेव्हा भगिनींनो, नोट घेतानाच पाहून घ्या. आणि फसलाच, तर ती फसवणूक आपल्यापाशीच थांबवा.