मालिश : इतिहास आणि अपेक्षा

कर्जत-खालापूर भागात भाताची लावणी सुरू झाली, की दिवसभर चिखलात वाकून कंबर धरते आणि रात्री घरोघरी तेल कोमट होते. ठाकर-कातकरी वाड्यांवर मोहाच्या बियांचे तेलही अंगाला चोळतात. याच तालुक्यांतील रिसॉर्टमध्ये मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना ‘स्वीडिश मसाज’ मिळतो. या चोळण्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी? उत्तरासाठी आपण थोडे इतिहासात डोकावू.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त रोज अभ्यंग करण्यास सांगितले आहे, डोके, कान व तळपाय यांवर विशेष भर आहे. पण अजीर्ण झालेल्याने, कफाने ग्रासलेल्याने आणि नुकतेच वमन-विरेचन घेतलेल्याने तो टाळावा, असेही तेथेच बजावले आहे. कोणाला चोळू नये, हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता.

पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेचे स्नान व मर्दन यांचा व्यवसाय थाटला आणि १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या ‘चंपी’शी नाते सांगणारा ‘शाम्पू’ हा शब्द तेव्हा इंग्रजीत मर्दनासाठीच वापरत. केस धुण्याचा अर्थ नंतरचा.

‘स्वीडिश’ या नावाचीही अशीच गंमत आहे. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामसंस्था काढली. त्यांचा भर हालचालींवर होता. हलके चोळणे, मळणे, थापटणे या क्रियांची पद्धतशीर मांडणी करण्याचे श्रेय मात्र हॉलंडचे डॉ. मेझगर यांना दिले जाते.

पुढे लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत असल्याचा बभ्रा झाला. तेव्हा १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्यांची संस्था स्थापली. वैद्यकीय सल्ल्याशिवाय मालिश करायची नाही, हा तिचा नियम होता. ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची आजची संस्था तिच्यातूनच घडली.

मालिशने स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, असे अजूनही सांगितले जाते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटे मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मालिश केलेल्या स्नायूत दाहाचे रासायनिक संकेत कमी आढळले. लॅक्टिक आम्लाच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. आराम खरा होता, त्याचे प्रचलित कारण चुकीचे होते.

म्हणून जाणकाराकडे गेल्यावर सुरुवात प्रश्नांनी व्हावी : कोठे दुखते, ताप आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, दिवस गेले आहेत का? मग हलका हात, हळूहळू वाढणारा दाब आणि ‘पुरे’ म्हणताच थांबणे. दुखणे काही काळ उतरते, मन निवांत होते. क्वचित दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकते. यापलीकडची आश्वासने पारखून घ्यावीत. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

मोडलेले हाडही चोळून जुळत नाही. मैदानावर पडलेल्या मुलाचा हात सुजला, तर तेलाची बाटली बाजूला ठेवावी, हाताला फळीचा आधार द्यावा आणि दवाखाना गाठावा. एवढे प्रत्येक शाळेत ठाऊक असायला हवे.