लिलावापूर्वीचा सौदा

कर्ज झालें, फेड झाली नाहीं आणि घरावर लिलावाची नोटीस लागली, म्हणजे आतां सर्व संपलें असें समजून स्वस्थ बसण्याची आपल्या लोकांत फार जुनी रीत आहे. लाज हें तिचें एक कारण, आणि कायद्याविषयींचें अज्ञान हें दुसरें. परंतु लिलाव पुकारला जाण्यापूर्वीं घरधन्यानें योग्य गिऱ्हाईक शोधावें, त्यानें वाजवी किंमत सांगावी, धनकोचें देणें चुकतें व्हावें आणि उरलेली रक्कम घरधन्याच्या पदरांत पडावी, ही वाट कायद्यानें सुमारें दीडशें वर्षें कमीअधिक रुंदीनें मोकळी ठेविली आहे. ती कशी पडली व अलीकडे कोठें अरुंद झाली, याचा वृत्तांत आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वीं दख्खनांत सावकाराचें बळ मुख्यतः तगाद्याचें असे. तो ऋणकोच्या दारीं धरणें धरून बसे, पंचांकडे जाई. पण कुणब्याचें वडिलोपार्जित शेत व घर जाहीर लिलावानें विकून टाकण्याचा प्रघात सर्रास नव्हता. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनानें व्याजास दरसाल दरशेंकडा १२ ची मर्यादा घातली होती. १८५५ च्या कायद्यानें ती उठली. १८५९ सालीं दिवाणी व्यवहारसंहिता आली, आणि हुकूमनामा मिळालेल्या धनकोस ऋणकोची स्थावर मिळकत जप्त करून विकविणें सुलभ झालें. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचे भाव चढले व कर्ज सहज मिळूं लागलें. युद्ध संपतांच भाव उतरले, शेतसारा वाढला आणि कर्ज मात्र डोक्यावर तसेंच राहिलें.

याचें फळ पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत करडे गांवीं दिसून आलें. १८७४ च्या डिसेंबरांत तेथील एका सावकारानें दीडशें रुपयांच्या कर्जापायीं एका देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळविला व त्याचें घर पाडावयास घेतलें. गांव खवळला. सावकारांच्या दुकानचा माल घ्यावयाचा नाहीं, त्यांचीं शेतें कसावयाचीं नाहींत, न्हाव्या-परटांनीं त्यांचें काम करावयाचें नाहीं, असा बहिष्कार पडला. त्याचें लोण आसपासच्या गांवीं पसरलें, आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गांवीं लोकांनीं सावकारांजवळील रोखे व हुकूमनामे हिसकावून त्यांची होळी केली. लोकांचा रोख माणसांहून कागदांवर अधिक होता, हें त्या दंग्याचें विशेष लक्षण होय.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याची स्थावर मिळकत त्या कर्जासाठीं मुद्दाम गहाण दिलेली नसेल, तर ती पैशाच्या हुकूमनाम्यापोटीं जप्त करून विकूं नये, असें त्यानें ठरविलें. त्या कायद्याचा काळ आतां गेला. पण त्यांतील तत्त्वाचा कांहीं अंश आजच्या संहितेच्या ६० व्या कलमांत आढळतो. शेतकरी, मजूर व घरगडी यांचें राहतें घर साध्या हुकूमनाम्याच्या जप्तींतून त्या कलमानें वगळलें आहे.

लिलावांत घराची खरी किंमत क्वचित येते, याचीं कारणें साधीं आहेत. मुदत थोडी असते. घर आंतून नीट पाहावयास मिळेलच असें नाहीं. राहणारीं माणसें सुखानें निघतील कीं नाहीं हें ठाऊक नसतें. आणि विकणाराची अडचण तर दवंडीनेंच सर्वांस कळविलेली असते. त्यांतून खेड्यांत बोली बोलण्याजोगा पैसा बहुधा सावकाराजवळच असे. म्हणून हुकूमनामेवाल्यानें न्यायालयाच्या परवानगीवांचून बोली बोलूं नये, असा निर्बंध संहितेंत आला. पण बोली बोलणारे वाढविणें कायद्याच्या हातीं नव्हतें. त्यास एवढेंच करतां येण्याजोगें होतें, कीं गिऱ्हाईक शोधण्यास घरधन्यासच अवकाश द्यावा.

ही तरतूद १८८२ च्या संहितेंत होती व १९०८ च्या संहितेंत ती आदेश २१, नियम ८३ म्हणून आली. तिचें स्वरूप समजून घेण्याजोगें आहे. घराची वा दुसऱ्या एखाद्या मिळकतीची खाजगी विक्री, गहाण किंवा भाडेपट्टा करून हुकूमनाम्याची रक्कम उभी राहण्यासारखी आहे, अशी ऋणकोनें न्यायालयाची खात्री पटविली, तर न्यायालय लिलाव पुढें ढकलूं शकतें व ठराविक मुदतीचा दाखला देतें. एरव्हीं जप्तीनंतर केलेला खाजगी व्यवहार ६४ व्या कलमानें हुकूमनामेवाल्याविरुद्ध टिकत नाहीं. या दाखल्यानें तो टिकतो. मात्र पैसा ऋणकोच्या हातीं न पडतां न्यायालयांत भरावा लागतो, आणि न्यायालयानें मंजुरी दिल्यावांचून व्यवहार कायम होत नाहीं. खुद्द गहाणाच्या हुकूमनाम्यास हा नियम लागू नाहीं. तेथें विक्री कायम होईपर्यंत देणें भरून मिळकत सोडविण्याची मुभा आदेश ३४ मध्यें आहे.

१८९४ सालीं आणखी एक दार उघडलें. लिलाव होऊन गेल्यावरही ऋणकोनें दवंडींतील देणें आणि खरेदीदारास त्याच्या बोलीवर शेंकडा ५ इतकी भरपाई ३० दिवसांत भरली, तर विक्री रद्द व्हावी, असें ठरलें. म्हणजे घर दहा लाखांस गेलें असेल, तर देण्याखेरीज पन्नास हजार भरून तें परत मिळे. हाच आजचा नियम ८९ होय. मुदत आतां ६० दिवसांची आहे.

येथपर्यंत वाट रुंदावत गेली. पुढें सावकाराच्या जागीं बँक आली. २००२ च्या 'सरफेसी' कायद्यानें बँकेस दिवाणी दाव्यावांचून तारण विकण्याचा अधिकार दिला. प्रथम ६० दिवसांची मागणीची नोटीस, त्यानंतर ताबा, मग विक्री, असा तो क्रम आहे. मागणीची नोटीस पोंचल्यावर बँकेच्या लेखी संमतीवांचून घर विकतां येत नाहीं. संमति असल्यास येतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, विक्री पूर्णत्वास जाईपर्यंत ऋणकोचा सोडवणुकीचा हक्क राहतो, असें म्हटलें होतें. परंतु २०१६ च्या दुरुस्तीनें सर्व देणें व खर्च भरण्याची सीमा लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या तारखेपूर्वीं आणून ठेविली, आणि २०२३ सालीं त्याच न्यायालयानें, नोटीस प्रसिद्ध झाल्यावर तो हक्क उरत नाहीं, असा निर्णय दिला.

म्हणजे १८९४ च्या ऋणकोस लिलावानंतरही महिना मिळत असे. आज बँकेच्या ऋणकोची वेळ वर्तमानपत्रांत जाहिरात येण्याच्या आदल्या दिवशींच संपते. जाहिरात वाचून गिऱ्हाईक धांवत आलें, तरी बँकेच्या तारणाच्या बाबतींत तें बहुधा उशिरा आलेलें असतें. म्हणून नोटीस हातीं पडतांच ती पेटींत न लपवितां बँकेकडून बाकीचा आंकडा लेखी मागावा, आणि आप्तेष्टांत व शेजाऱ्यांत घर विकावयाचें असल्याचें उघड बोलावें. घेणारानेंही आपली किंमत लेखी सांगावी, सातबारा किंवा मिळकत पत्रिका व बोजा तपासावा, बँकेची संमति पाहावी आणि पैसा परस्पर धनकोच्या खात्यांत भरून मग उरलेला घरधन्यास द्यावा. चोरून दिलेला बयाणा दोघांसही बुडवितो.

शेजाऱ्याच्या अडचणींत त्याच्या घराची किंमत विचारणें हें कित्येकांस अशुभ वाटतें. तें आम्हांस तसें वाटत नाहीं. वेळेवर व उघडपणें सांगितलेली वाजवी किंमत ही त्या घरास मदतच आहे. कारण ती कोणीं सांगितली नाहीं, तर पुढें जी किंमत यावयाची ती लिलावांतील असते, आणि ती ठरवितांना घरधन्यास कोणी विचारीत नाहीं.